लाल ठिपक्याचा नळ

ऑगस्टात इथे उलटं असतं.
निळ्या ठिपक्याच्या नळाला हात पोळतो,
गच्चीवरच्या टाकीत पाणी दिवसभर तापत पडलेलं;
आणि लाल ठिपक्याचा नळ गार.
मे महिन्यात हीटरचं बटण बंद करायचं,
मग बाथरूमच्या छतात टांगलेली ती पन्नास लिटरची टाकी
ऑक्टोबरपर्यंत आमचा माठ.

तो माठ पाझरू लागला.

आधी छताच्या पांढऱ्या चौकोनावर चहाचा डाग,
मग डागाला पोट आलं,
मग रात्री अडीचला पहिला थेंब बादलीत,
शेजारच्या खोलीत कुणी माझ्यावर नाराज होऊन
"च्" म्हणावं तसा.

हारिस अब्दुलघनी वर बघून म्हणाला, बुकरा.
उद्या.
असे तीन बुकरा गेले.
चौथ्या दिवशी मुनीरुझमान आला, कुमिल्ल्याचा,
खांद्यावर शिडी, चपला दाराबाहेर.
डोकं छतात घातलं, पान्याने दोनदा ठोकलं.
"मॅडम, टाकी गया. नया लगाओ. अडतीस दिनार."
इतक्यात?
डॉक्टरसुद्धा आधी जीभ बघतो.

माझे वडील साखर कारखान्यात बॉयलरवर होते,
बत्तीस गाळप हंगाम.
पेचकसाचं टोक लोखंडाला, मूठ कानाला,
डोळे मिटून ऐकायचे.
म्हणायचे, बॉयलर खोटं बोलत नाही, पोरी,
खोटं बोलतो तो शेजारी उभा असतो.
पगाराच्या दिवशी उशिरा घरी आले
की हे वाक्य जरा हळू म्हणायचे.

सुधन्वा समुद्रात, रिगवर, अजून एकोणीस दिवस.
फोन तुटत होता:
"व्हॉल्व्ह... फक्त व्हॉल्व्ह बदल... कमिशन असतं त्यांचं..."
मग नुसता वारा.

म्हणून मी चढले शिडीवर,
गाऊन खोचून, पेचकस घेऊन.
खाली मुनीरुझमानने शिडी धरली,
मान दुसरीकडे वळवून.
कानात काय आलं?
थोडं पाणी, थोडं माझंच रक्त,
लांबून एसीची घरघर.
वडिलांना यातून आकडे ऐकू यायचे.

"क्या बोलता है?" त्याने विचारलं.
कुचेष्टा नव्हती, खरंच विचारलं.
मी म्हटलं, व्हॉल्व्ह बोलता है.

त्याने टाकी रिकामी केली.
सगळं साठवलेलं गार पाणी मोरीत गेलं, माझा जीव तुटला.
मग खालची चकती उघडून
आतून एक कांडी ओढून काढली.
कांडी कसली, तार उरलेली,
चिपाडासारखी चोथा झालेली, क्षाराने पांढरी.
"ये पहले खतम होता है, टाकी बचाने के वास्ते.
ये खतम, फिर पानी टाकी को खाता है."
किती वर्षांत संपते?
"इधर का पानी, तीन साल."
आणि तू किती वर्षं इकडे?
"ग्यारह."
मग त्याने बोल्ट ओठांत धरले,
पुढचं बोलणं राहिलं.

तरीही नवी टाकी मी घेतली नाही.
सहा दिनारची कांडी, दीड दिनारचा व्हॉल्व्ह.
तो म्हणाला, दो महिना, फिर आप फोन करेगा.
शाप नव्हता, नुसती तारीख होती.
पावतीच्या मागे लिहून दिली.

रात्री खिडकीत फहाहीलचा समुद्र काळा,
त्याच्या कडेला रिफायनरीची ज्योत.
बादलीतलं पाणी कढीपत्त्याच्या कुंडीला घातलं,
बादली परत तिच्या जागी ठेवली,
सवयीने.

अडीच वाजले. आवाज नाही.
पावणेतीन.
मग आठवलं, बादलीच्या तळाशी
मीच जुना पंचा अंथरलाय,
चार दिवसांपूर्वी, झोप लागावी म्हणून.

वडील उठून बघून आले असते.
मी कूस बदलली.